न विचारता चालू

रेश्माचं एक म्हणणं होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची, अगदी चहा घेऊन येणाऱ्यालासुद्धा. कॉम्प्युटर म्हातारा होऊन मंद होत नाही, फुकट्यांना पोसून मंद होतो. नवं मशीन घरी येतं तेव्हाच त्याच्या पोटात पंगत बसलेली असते. कुणी हवामान बघतंय, कुणी घरात नसलेल्या प्रिंटरची वाट बघत बसलंय, कुणी मालकाच्या चहाड्या कुठल्यातरी परक्या कंपनीला कळवतंय. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही, सगळं मागच्या मागं. आणि मालक बिचारा म्हणतो, 'मॅडम, रॅम वाढवून द्या.'

हुबळीत कोप्पीकर रोडला, एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर, तिची आणि तिचा भाऊ यशपाल याची दुरुस्तीची खोली होती. यशपाल सुट्या भागांचा माणूस: पंखे, केबली, चहा सांडलेले कीबोर्ड. आतलं सगळं रेश्मा बघायची. तिच्याहून स्वस्त माणसं गावात पुष्कळ होती, पण तिच्याकडं एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या जिन्याची पायरी चढत नसे. मशीन उघडून ती सर्व्हिसेसची, म्हणजे मागच्या मागं चालणाऱ्या प्रोग्रामांची, खिडकी काढायची, वरून खालपर्यंत एकेक नाव बघत जायची आणि नको ते डिसेबल करायची. तेवढ्यावर तिचं काम संपत नसे. बंद करणं काय, कुणालाही जमतं. बंद ठेवणं हे खरं काम. एखादा अपडेट येतो आणि हाकललेली मंडळी मागल्या दारानं येऊन पुन्हा पाटावर बसतात. म्हणून ती स्वतः लिहिलेली छोटी स्क्रिप्ट प्रत्येक मशीनमध्ये ठेवून यायची. मशीन उठलं की आधी स्क्रिप्ट उठायची आणि परत आलेल्यांना गचांडी देऊन बाहेर काढायची.

एक नियम मात्र तिनं कधी मोडला नाही. तिच्या वडिलांनी रेल्वेच्या वर्कशॉपात जन्म काढला होता आणि दुसऱ्याच्या सामानातला गंजका खिळासुद्धा त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, हे त्यांनी दोन्ही पोरांच्या अंगी मुरवलं होतं. म्हणून ओळखीचं नाव नसलं की रेश्मा मालकाला विचारायची, 'हे तुमचं का?' मालक म्हणायचा, 'आमचं नव्हे.' मगच टिचकी. ती काय विचारतेय हे अर्ध्या लोकांना कळतही नसे, पण आपल्याला विचारलं म्हणून बरं वाटायचं.

तासगावकरांचं घर धारवाडला, केलगेरी तळ्याच्या अलीकडं. सदाशिवअप्पांचं पूर्वी हुबळीत भांड्यांचं दुकान होतं. एकुलत्या एका मुलानं, प्रशांतनं, ते चालवायला नकार दिला तेव्हा त्यांनी ते विकलं आणि नवरा-बायको इकडं राहायला आले. प्रशांत मस्कतला गेला. जायच्या दिवशी बापलेकांत जे वाजलं ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. हे सगळं अप्पांच्या बायकोनं, पार्वतीअक्कानं, रेश्माला पहिल्याच भेटीत, चहात साखर घालता घालता सांगून टाकलं.

'पण आता तसं काय न्हाई हं,' अक्का म्हणाली. 'आता रोज येतोय. दुपारची जेवणं झाली की ह्याच्यात येतोय आन् बोलतोय बघा. अप्पांसंगट सुदीक.'

ह्याच्यात म्हणजे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये. मशीन बरंच जुनं होतं आणि सुरू होईपर्यंत भाकरी थापून व्हायची. रेश्मानं बाह्या सरसावल्या. पाहुणे चिक्कार होते, पण सगळे ओळखीचे, तिनं एकेकाला भराभर उठवलं. शेवटी एकच उरलं. त्याला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती कोरी ओळ होती आणि पुढं 'चालू' असं लिहिलेलं. माहितीचा रकाना रिकामा, फाइलचा पत्ता रिकामा. ते मेमरी खात नव्हतं, नेट वापरत नव्हतं. नुसतंच चालू होतं.

'अप्पा, हे तुमचं का?'

अप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही. 'आमचं न्हवं हो. काढून टाका.'

अक्का स्वयंपाकघरात होती. रेश्मानं ते बंद केलं आणि दोन्ही गावांमध्ये धावणारी चिगरी बस पकडून हुबळीला परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्काचा फोन. रडून रडून घसा बसलेला. 'काल आला न्हाई गं प्रशांत. असं कधी झालं न्हाई. काय केलीस तू?'

रेश्माला वाईट वाटलं, पण धास्ती वाटली नाही. आपण काहीतरी जोडलेलं तोडलं, आता परत जोडू, एवढंच. दुपारी ती पोचली तेव्हा घरासमोर गटारीसाठी खोदाई चालली होती आणि अप्पा फाटकात उभे राहून कानडीतून मुकादमाचा उद्धार करत होते. मुकादमाच्या माणसांनी नेटची केबल तोडली होती. मोडेमवर एकही दिवा नव्हता.

'नेटच नाही तर तो येणार कसा, अक्का?' रेश्मा म्हणाली. 'माझा काही दोष नाही.'

तरी तिनं सर्व्हिसेस उघडून पाहिल्या. ती कोरी ओळ तिथंच होती. काल डिसेबल केलेली, स्क्रिप्टचा पहारा बसवलेली, आणि आज पुन्हा चालू. असं होतं. चिवट असतात काही. ती वाकून मोडेमच्या मागची वायर तपासत होती, एवढ्यात कॉलची घंटा वाजली.

अक्का पदर सावरत धावली. पडद्यावर फिकट निळ्या भिंतीपुढं चाळिशीला टेकलेला माणूस बसला होता, कपाळावरचे केस मागं हटलेले, चेहरा हसरा.

'काल जमलं नाही, आई. रागावलीस?'

'न्हाई रे बाळा. जेवलास?'

तो बोलत राहिला. गुडघा कसा आहे, तेल लावतेस का, अप्पांनी बीपीची गोळी घेतली का. अप्पाही खुर्ची ओढून बसले. त्या दोघांचे चेहरे बघून रेश्माला भरून आलं. मग तिच्या लक्षात आलं की मोडेमपासून कॉम्प्युटरकडं जाणारी वायर तिच्या हातात आहे, आणि तिची दोन्ही टोकं तिच्याच हातात आहेत.

'ताई, ती वायर तशीच राहू द्या,' पडद्यावरचा प्रशांत म्हणाला. 'तिचं काही काम नाही.'

रेश्मानं वर पाहिलं. मॉनिटरवरच्या कॅमेऱ्यावर धूळ बसू नये म्हणून अक्कानं घडी घालून रुमाल टाकला होता. जाड, चौकटीचा रुमाल होता तो.

तिनं वायर हळूच खाली ठेवली. तिच्या दंडावर काटा आला होता, हे खरं. पण रेश्मा काही देवऋषाकडं जाणारी नव्हती. जे कळत नाही ते बिघडलेलं नसतं, फक्त अजून उलगडलेलं नसतं, असं ती नव्या पोरांना शिकवायची. तिनं तेच स्वतःलाही सांगितलं. कॉल संपल्यावर तिनं अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, 'हे चालू ठेवू की बंद करू?'

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. 'राहू द्या. गेल्या आठवड्यात मी त्याची माफी मागितली, ठाऊक आहे? दुकानासाठी त्याला काय काय बोललो होतो मी. जन्मात कुणापुढं मान खाली घातली न्हवती. त्यानं हसून सोडून दिलं बघा.'

रेश्मानं ते चालू ठेवलं. रस्ताभर तिनं त्याचा विचार केला आणि कोप्पीकर रोडला उतरेपर्यंत, एखादा शांत दिवस बघून याचा छडा लावायचा, असं ठरवून टाकलं.

तो दिवस तिला शोधावा लागला नाही. पावसाळा सरून ऊन पुन्हा कडक झालं होतं तेव्हा एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज ओळखीचा होता.

'रेश्माताई ना? मी प्रशांत तासगावकर. केलगेरीहून बोलतोय, घरातनं. तुम्ही जरा याल का? आत्ताच.'

तो फाटकातच उभा होता. तेच हटलेले केस, तोच चेहरा, फक्त हसरा नव्हता. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी रेघ होती. आत न जाताच तो बोलायला लागला.

'ताई, मी मस्कतला गेल्यापासून या घरात एकदाही फोन केलेला नाही. एकदाही नाही. मला लाज वाटत होती. आता सगळं सोडून आलोय कायमचा. आल्यावर आईनं जवळ घेतलं, रडली, धपाटे केले जेवायला. आणि जेवणं झाली तशी उठून त्या मशीनपुढं जाऊन बसली. मी म्हटलं, काय गं? तर म्हणते, थांब जरा, प्रशांत यायची वेळ झालीय.'

रेश्माला त्याची कणव आली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'चला आत. बघू कोण आहे हा आयत्या बिळावरचा नागोबा.'

अप्पा आरामखुर्चीत होते, अक्का मशीनपुढं. रेश्मा स्टूल ओढून बसते न बसते तोच घंटा वाजली.

पडद्यावर फिकट निळी भिंत आणि तो. त्याच्या हनुवटीवर कापल्याची ताजी रेघ होती.

'आई, घरात कुणी आलंय का?'

'कोण रे तू?' प्रशांत ओरडला. 'कुणाच्या घरात शिरलायस?'

पडद्यावरच्यानं त्याच्याकडं पाहिलं. दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाकडं बघावं तसं, अगदी अदबीनं. मग तो अक्काला म्हणाला, 'तुमचं चालू द्या. मी आहेच इथं.' आणि तसाच बसून राहिला. कॉल मात्र त्यानं तोडला नाही.

प्रशांत अप्पांकडं वळला. 'आई म्हणाली, तुम्ही ह्याची माफी मागितलीत.'

'तुझीच समजून मागितली रे.'

'मग आता मला सांगा. मी तेवढंच ऐकायला आलोय, अप्पा. विमानात बसून सगळ्या वाटेनं तेवढाच विचार केलाय.'

'एकदा बोलून झालंय,' अप्पा कसनुसं म्हणाले. 'सगळं बोलून टाकलं तेव्हा. आता आत काय शिल्लकच न्हाई. परत कुठनं आणू?'

प्रशांत अप्पांसमोरच्या खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणतात, पण इथं ताक पिऊन दोघांची पोटं भरली होती आणि दूध दारात येऊन नासत होतं. रेश्माला राग आला. अप्पांचा नाही, प्रशांतचाही नाही. पडद्यामागून न विचारता चाललेल्या त्या कोऱ्या ओळीचा.

'ताई, बंद करा हे,' प्रशांत म्हणाला. 'कायमचं.'

'करते की. त्यात काय.'

तिनं सर्व्हिसेसची खिडकी काढली. पडद्यावरचा माणूस एका बाजूला सरकला आणि तिथून तिचं काम बघत राहिला. तिनं बाण कोऱ्या ओळीवर नेऊन ठेवला. मागच्या वेळी एकट्या अप्पांना विचारलं होतं आणि ते परत आलं होतं. आज सगळ्या घराला विचारायचं. यात अंधश्रद्धा काही नव्हती. नियम म्हणजे नियम.

'हे तुमचं का?'

'आमचं नव्हे,' प्रशांत ताडकन म्हणाला.

'अप्पा?'

अप्पांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, 'आमचं न्हवं.'

'अक्का?'

अक्का पडद्याकडं बघत होती. मग तिनं मान वळवून खुर्चीतल्या मुलाकडं पाहिलं, बराच वेळ.

'हे घालवलं तर तू ऱ्हाशील?'

'राहतो, आई. शपथ. कुठंच जात नाही आता.'

अक्कानं हात जोडले, देवाला जोडतात तसे, पडद्यापुढं. 'आमचं न्हवं रे,' ती म्हणाली.

पडद्यावरचा हसला आणि त्यानं मान डोलावली, जणू त्याचं काही म्हणणं नव्हतं.

रेश्मानं 'थांबवा' दाबलं. एक चौकट वर आली. ही सर्व्हिस थांबवल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिसेसही थांबतील. पुढे जायचं?

ही चौकट तिनं हजारदा पाहिली होती. खालच्या पांढऱ्या भागात अवलंबून असलेल्यांची नावं येतात. आज तो भाग कोरा होता. अवलंबून कुणीच नाही. मग विचारतोस कशाला, शहाण्या?

तिनं 'होय' दाबलं.

निळी भिंत विझली. यादीतली कोरी ओळ गेली, तिच्या जागी खालचं नाव वर सरकलं.

मशीन आता स्वच्छ होतं. रेश्मानं ते बंद करून पुन्हा सुरू केलं. बटण दाबलं आणि पाणी प्यायच्या आत समोर हजर. तिनं आणखी एकदा करून पाहिलं. काही परत आलं नाही. अशा वेळी तिला जे वाटायचं ते आजही वाटलं, अंगण झाडून सडा घातल्यावर वाटतं तसं.

'झालं, अप्पा. आता लावा गाणी, बघा पिक्चर.'

'काय होतं म्हणायचं ते?'

'काही नाही. न विचारता चालू होतं काहीतरी.'

'हौद्री, खरंय,' अप्पा म्हणाले आणि खुशीत पेपर उघडला. मग त्यांनी तो खाली केला. समोरच्या खुर्चीत एक माणूस बसला होता.

'आपण कोण?' अप्पांनी विचारलं. 'कुणाकडं आलाय?'

माणूस चाळिशीचा होता. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसत होतं. तो हसला, थट्टा चाललीय असं वाटून हसावं तसं. 'अप्पा, असं काय करताय?'

अप्पांनी रेश्माकडं पाहिलं. 'तुमच्याबरोबर आलेत का?'

'नाही बाई,' रेश्मा म्हणाली. तिनं त्याला नीट निरखलं. ती माणसं विसरत नसे. हा तिनं कधी पाहिलेला नव्हता.

'आई!' माणूस उठून उभा राहिला. 'आई, मी! मी आलोय. मी...'

तो थांबला. त्याचे ओठ हलले. पुढचा शब्द त्याला मिळाला नाही.

अक्का जराही घाबरली नाही. तिनं आतून तांब्या-भांडं आणलं, वर गुळाचा खडा ठेवला आणि त्याच्या हातात दिलं.

'पी बाळा,' ती म्हणाली. 'उन्हातनं आलंय, भिरभिरलंय. कुणाचं तरी लेकरू असंल.'

तो पाणी प्यायला. पिताना त्याची नजर अक्काच्या चेहऱ्यावर होती आणि ती हळूहळू निवत गेली. भांडं परत देताना त्यानं परक्या बाईला म्हणतात तसं 'थँक्यू हं' म्हटलं. घर चुकलो वाटतं, असंही काहीतरी पुटपुटला आणि उंबऱ्याशी काढलेल्या चपलांकडं न बघताच बाहेर गेला.

'गरीब दिसतोय बिचारा,' अप्पा म्हणाले. 'हल्ली अशी माणसं फार फिरतायत.'

अक्कानं रेश्माला डबा बांधून दिला. धपाटे खूपच उरले होते. दोघांच्या घरात एवढे कशाला थापले, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. 'वय झालं गं,' ती हसून म्हणाली, 'हाताला अंदाज ऱ्हाइना.'

रेश्मा बाहेर पडली तेव्हा तो माणूस खोदाईच्या मातीच्या ढिगाजवळ उभा होता. घराकडं बघत नव्हता. कुठंच बघत नव्हता.

'ताई,' त्यानं विचारलं, 'ह्या घरात कोण राहतं?'

'तासगावकर. नवरा-बायको दोघंच.'

'मूलबाळ?'

'नाही,' रेश्मा ठामपणे म्हणाली. 'मी किती दिवस येतेय इथं. कुणी नाही त्यांना.'

'असं होय,' तो म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. मग त्यानं अळणावर गावाला जाणारी बस कुठं मिळते ते विचारलं आणि तिनं त्याला थांबा दाखवला.

तो त्या दिशेनं चालू लागला. त्याच्या पायात काही नव्हतं. डांबर इतकं तापलं होतं की तो एकेक पाऊल झटकन उचलत होता, तरी कडेच्या सावलीत जात नव्हता. असेल कुणाचा तरी नवस, रेश्माला वाटलं, आणि तिनं डबा पिशवीत नीट उभा ठेवला.